‘स्टेटच्या वर’ म्हणजे नक्की कुणाच्या वर?

गेल्या आठवड्यात गावच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या मीटिंगला गेले होते. गाव म्हणजे इथलं, न्यू जर्सीतलं. माहेरचं कुडाळ नव्हे. आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (डिस्ट्रिक्ट म्हणजे इथे जिल्हा नव्हे, बहुधा एका गावापुरता शाळांचा स्वतंत्र कारभार) एकच शाळा, केजी ते आठवी, मुलं चारशेच्या आत. नववीला शेजारच्या रिजनल हायस्कूलला जायचं. मीटिंगमध्ये पडद्यावर राज्याच्या परीक्षेच्या निकालाचे दोन खांब आले. निळा आमचा, करडा स्टेटचा. निळा उंच. टाळ्या पडल्या. मी घरी पोचायच्या आत तो फोटो आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होता. त्याखाली चार-पाच अभिनंदनं, आणि मग खरा प्रश्न: तुमच्याकडे तीन बेडरूमचं घर केवढ्याला पडतं?

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. शाळा वाईट आहे म्हणून नव्हे. शाळा छान आहे, माझी दोन्ही मुलं तिथे आनंदाने जातात. माझं भांडण त्या करड्या खांबाशी आहे.

आमच्या चौथीत चाळीस मुलं आहेत. म्हणजे एक मूल अडीच टक्क्यांचं. परीक्षेच्या दिवशी चौघांचं डोकं चाललं नाही, की आमचा निळा खांब दहा टक्क्यांनी खाली. पुढच्या वर्षी दोन हुशार जुळी गावात राहायला आली, की वर. शाळेत काहीही बदललेलं नसतं, पण वर्तमानपत्रात कधी ‘घसरण’ तर कधी ‘भरारी’. स्टेटचा आकडा मात्र लाखो मुलांचा, तो असा उड्या मारत नाही. एनजेएसएलए या राज्याच्या वार्षिक परीक्षेत 750 किंवा त्याहून जास्त गुण, म्हणजे इयत्तेला साजेशी तयारी, मिळवणारी मुलं राज्यभरात इंग्रजीत निम्म्याच्या जरा पुढे आणि गणितात चाळीस टक्क्यांच्या आसपास, हे चित्र 2023 ते 2025 जवळपास तेच होतं. एवढ्याशा होडीची उंची जहाजाशी मोजायची, आणि तीही लाटेवर असताना!

शिवाय स्टेट म्हणजे कोण? न्यू जर्सीत सहाशेच्या घरात डिस्ट्रिक्ट आहेत. (एकेकाळी एकही शाळा नसलेले डिस्ट्रिक्टसुद्धा होते, 2009 मध्ये त्यातले तेरा मोडीत काढले. आपल्याकडे शाळा नसलेलं शिक्षण मंडळ असतं तर किती अग्रलेख पडले असते!) त्या सहाशेत न्यूअर्क, पॅटरसन, कॅम्डेनसारखी गरिबीशी झगडणारी शहरं आहेत, आणि वॉलस्ट्रीटला जाणाऱ्यांची टेकड्यांवरची गावंही आहेत. या सगळ्यांना एका पातेल्यात ढवळून जे निघतं तो करडा खांब. आमच्या गावात बहुतेक घरांत दोघंही कमावते, दोघंही पदवीधर. आमचा खांब उंच आला त्यात शाळेचं कर्तृत्व किती आणि आमच्या गृहकर्जांचं किती?

हे राज्याला ठाऊक नव्हतं असं नाही. शिक्षण खात्याने सत्तरच्या दशकातच डिस्ट्रिक्टांची सांपत्तिक स्थितीनुसार गटवारी केली होती, ‘ए’ सगळ्यात गरीब, ‘जे’ सगळ्यात श्रीमंत. तुलना आपापल्या गटात करायची, असा साधा हिशोब. 2000 च्या जनगणनेवरून केलेली गटवारी शेवटची, त्यानंतर ती नव्याने केलीच नाही. ती नीट करून वापरली असती तर त्या दिवशी पडद्यावर आमच्यासारखीच दहा गावं दिसली असती, आणि टाळ्या बहुधा जरा जपून पडल्या असत्या.

आता मला खरोखर खुपणारी गोष्ट. घरी येऊन राज्याच्या वेबसाइटवर आमचा अहवाल उघडला. शाळेतल्या मुलांच्या ज्या गटात दहापेक्षा कमी जण, तिथे आकडा नसतो, नुसती चांदणी. कुणाची ओळख उघड होऊ नये म्हणून. नियम योग्यच आहे. पण आमच्यासारख्या शाळेत चांदण्या कुणाच्या वाट्याला येतात? इंग्रजी नव्याने शिकणारी मुलं, स्पेशल एज्युकेशनची मुलं, घरची परिस्थिती बेताची म्हणून फ्री लंच मिळणारी मुलं. ज्यांच्यासाठी शाळा काय करते हे विचारायला हवं, नेमकी तीच चांदणीमागे. त्यांच्या बाबतीत आम्ही स्टेटच्या वर आहोत की खाली, हे त्या अहवालावरून कुणालाच कळत नाही.

कुडाळची मंडळीही यात मागे नाहीत. दर मे-जूनला फॅमिली ग्रुपवर नगारा वाजतो: दहावीत कोकण बोर्ड पहिलं! 2025 ला कोकण 98.82, राज्य 94.10. अभिमान मलाही वाटतो. पण दोन जिल्ह्यांची पंचवीस-तीस हजार मुलं एका बाजूला आणि राज्याची पंधरा लाख दुसऱ्या बाजूला. आणि त्याच सिंधुदुर्गात पटसंख्येअभावी जिल्हा परिषदेच्या शाळांना कुलूप लागतं, ते त्या टक्केवारीत कुठे दिसतं?

मीटिंगमध्ये टाळ्यांनंतर वीसेक मिनिटांनी बजेटचा विषय निघाला, तेव्हा निम्मी खोली रिकामी झाली होती. लहान डिस्ट्रिक्टचं दुखणं तिथे असतं. एका मुलाला बाहेरच्या खास शाळेत पाठवायची वेळ आली तर वर्षाला लाख डॉलर सहज जातात. ते द्यायलाच हवेत, पण मोठ्या डिस्ट्रिक्टला जे खरचटणं, ते आमच्यासारख्यांना फ्रॅक्चर. शाळेसाठीचा प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला दोन टक्क्यांच्या वर सहसा वाढवता येत नाही, विम्याचे हप्ते मात्र कुणाचं ऐकत नाहीत. मग संगीताच्या बाई अर्धवेळ होतात. राज्यात सरासरी घराचा प्रॉपर्टी टॅक्स आता दहा हजार डॉलरच्या वर आहे, त्यातला निम्मा शाळांना जातो, आणि तो भरणारे आम्ही बजेट सुरू झालं की पार्किंग लॉटकडे निघतो.

तेव्हा घराबद्दल विचारणाऱ्या मैत्रिणींनो, रेटिंग मला विचारू नका. एका वर्गात किती मुलं, ईएसएलच्या, म्हणजे नव्याने इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या, बाई आठवड्यातून किती दिवस येतात, पाच वर्षांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले तर कसे दिसतात, हे विचारा, मी बसून सांगेन. बजेटची सुनावणी पुढच्या मंगळवारी साडेसातला आहे. गेल्या वर्षी आम्ही सतरा जण होतो. त्यात देशी दोघं, मी आणि माझा नवरा, आणि तोही मला रात्री गाडी चालवायला आवडत नाही म्हणून आलेला.