फ्लिपरचं हसू

माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला सध्या ‘फ्लिपर’चं वेड लागलंय. 1964 ते 1967 या काळातली अमेरिकन मालिका, एकूण 88 भाग. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर सागरी उद्यान सांभाळणारे वडील, सँडी आणि बड ही दोन आईविना वाढणारी पोरं आणि कुणी संकटात सापडलं की धावून येणारा डॉल्फिन. खरंच गोड मालिका आहे. मीही तिच्यासोबत बसून बघतो.

परवा तिने विचारलं, “बाबा, फ्लिपर नेहमी हसतच का असतो?” मग खरं सांगणं भाग पडलं. तो हसत नसतो, बाळा. त्याच्या जबड्याची ठेवणच तशी आहे. आजारी असला, घाबरलेला असला, तरी चेहरा तसाच.

पडद्यावरचा फ्लिपर ‘तो’ असला, तरी ते काम मुख्यतः माद्यांनी केलं. सूझी आणि कॅथी या त्यातल्या दोघी. रिक ओबॅरी हा त्यांचा प्रशिक्षक. आधी त्याने स्वतः समुद्रातून डॉल्फिन पकडले होते. मालिकेची वेळ झाली की तो लांबलचक वायर ओढून टीव्ही धक्क्याच्या टोकाशी नेऊन ठेवायचा. पाण्यातून कॅथी स्वतःलाच बघायची. आपण कधी दिसतोय आणि सूझी कधी, हे तिला कळायचं, असं तो सांगतो. हे वाचल्यापासून तो धक्का माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. जिला स्वतःची ओळख आहे, तिला आपण कुठे अडकलोय हेही कळत असणारच ना?

मालिका संपल्यावर कॅथीच्या वाट्याला टाकी आली. 1970 मध्ये ती ओबॅरीच्या हातांतच गेली. डॉल्फिनला प्रत्येक श्वास जाणीवपूर्वक घ्यावा लागतो. कॅथीने पुढचा घेतलाच नाही, तिने जीव दिला, असं तो म्हणतो. यावर वाद घालणारे घालोत. तिला रोज जवळून बघणाऱ्या माणसाचं मी ऐकेन. त्यानंतर लगेचच, 22 एप्रिल 1970 ला, पहिल्या वसुंधरा दिनी, बहामातल्या बिमिनी बेटावर एका बंदिस्त डॉल्फिनला सोडवायला गेला म्हणून त्याला अटक झाली. पुढचं सगळं आयुष्य त्याने याच कामाला दिलं.

प्राण्यांच्या सगळ्याच मालिका वाईट, असं मी म्हणत नाही. ‘लॅसी’ मी आनंदाने दाखवतो. त्यातली लॅसी म्हणजेही खरं तर नर कुत्रे, पहिली लॅसी झालेल्या पाल या कुत्र्याच्या वंशातले. पण कुत्रा हजारो वर्षं माणसाच्या दारातच राहत आलाय. डॉल्फिनला आपण त्याच्या घरातून उचललं. हा फरक मला फार मोठा वाटतो. आपल्या देशाने 2013 मध्ये डॉल्फिनचे खेळ करणाऱ्या जलालयांना मनाई केली, याचा मला मनापासून अभिमान आहे.

दिवाळीच्या सुट्टीत तारकर्लीला गेलो होतो. शेजारच्या दोन होड्या डॉल्फिनच्या मागे भरधाव सुटल्या. आमच्या होडीवाल्या काकांनी मात्र इंजिन बंद केलं आणि म्हणाले, “गप बसा जरा.” बराच वेळ नुसतं पाणी हलत होतं. मग हाताच्या अंतरावर नाही, चांगली लांब, एक करडी पाठ वर आली. फुस्स आवाज आला आणि ती पाण्याखाली गेली.

लेक माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “बाबा, श्वास घेतला त्याने.”