म्हणे, उडवा की जरा!

भिगवणला पक्षी बघायला जाऊन आलो. डोकं अजून ठिकाणावर नाही.

पहाटे उठायचं, हडपसर जागं व्हायच्या आत पार करायचं, टोल भरायचा, कुंभारगावच्या काठावर कुडकुडत होडीत बसायचं. समोर रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा थवा. माना खाली, चोची उलट्या, उथळ पाण्यातला चिखल गाळत निवांत खाणं चाललेलं. आमच्या नावाड्याने मोटर बंद केली, बांबू रोवत होडी अलगद पुढे नेली. कुणी शिंकलंसुद्धा नाही.

तेवढ्यात मागून दुसरी होडी. मोटर चालूच. त्यात गॉगलवाला एक इसम (ढगाळ हवा, सकाळचे सात!) उभा राहून म्हणतो, "ओ मामा, उडवा की जरा! उडतानाचे पाहिजेत." मामा नको नको म्हणत होते, मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. मग यानेच टाळ्या पिटल्या. पोरगं हुर्रर्र करतंय, बायको शिट्ट्या मारतेय. त्या पक्ष्याला बसल्या जागेवरून उडता येत नाही हो, आधी पाण्यावर धावत सुटावं लागतं. सगळा थवा पाय आपटत पळाला, उठला, पार पलीकडच्या काठाला. आणि हा? "अरे यार, रेकॉर्डिंग सुरूच नव्हतं. मामा, तिकडे घ्या, परत उडवू."

परत उडवू! पतंग आहेत का ते?

मामांना तरी काय बोलणार? १९८० साली उजनी धरण झालं, भीमा शिवारावर चढली. त्या फुगवट्यात मासे धरणारी ही माणसं थंडीत पक्षी दाखवून चार पैसे मिळवतात. गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं?

कुरवांना (सीगल हो!) गाठ्या फेकणारे वेगळेच. उजनीतले मासे संपले का? पट्टकदंब हंस बिचारे हिमालय ओलांडून येतात, इथे यांच्या डोक्यावर ड्रोन. हीच जमात कासला फुलांवर लोळते, घाटात माकडांना वेफर्स चारते आणि सिंहगडावर स्पीकर घेऊन चढते. प्री-वेडिंगवाल्यांबद्दल तर बोलायलाच नको. पाण्यात गाऊन सोडून बसतात!

परतताना गाडीत हे सगळं यवतपर्यंत बोललो. बायको नुसती हं हं करत होती. मग म्हणाली, "त्याला का नाही बोललास?" बोललो होतो की! "अहो, जरा..." इतकं स्पष्ट बोललो होतो. माणूस सहा फुटी होता. आणि आठ खिशांचं जंगलछाप जॅकेट घातलेल्या माणसाचा धाक वाटत नाही, हे मला आजच कळलं. सात खिसे रिकामे, आठव्यात पार्ले-जी.

त्याआधी जेवायला थांबलो, तर पलीकडच्या टेबलावर तोच. मच्छी थाळी हाणत फोनवर कुणाला तरी सांगतोय, "काही नाही रे इथे, फक्त पक्षीच आहेत."

माझा घास घशातच अडकला. चिलापीला काटे असतात, ते वेगळं.