दापोलीत दोन इंच बर्फ? संदेशातला एकेक दावा

उत्तरेत थंडीचा कडाका वाढला की कोकणातल्या आंबा बागायतदारांच्या गटांतून एक संदेश फिरू लागतो: पश्चिमी झंझावात वेगाने सरकत आहे, परवा पहाटे दापोली-खेड पट्ट्यात दोन इंच बर्फ पडेल, मोहोर जळेल, तेव्हा फवारणी थांबवा, हवामान खाते हे दडवत आहे. सोबत पांढऱ्या झालेल्या गवताचे छायाचित्र असते.

झंझावाताचा उल्लेख खरा आहे. भूमध्य समुद्राच्या परिसरातून निघालेल्या या प्रणाली हिवाळ्यात काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडात बर्फ देतात. पण हिवाळ्यातही कोकणावर शून्य अंशाची पातळी साधारण चार किलोमीटरच्या वर असते, तर महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई 1646 मीटरचे आहे. ढगात हिमकण तयार झाले तरी त्या पातळीखाली काही शे मीटर उतरेपर्यंत त्यांचे पाणी होते. मुंबईचा नीचांकही 7.4 अंशांचा आहे (22 जानेवारी 1962), आणि तोही शून्याच्या बराच वर.

खरी गंमत ‘दोन इंच’ या नेमकेपणात आहे. ढोबळ हिशेबाने एक मिलिमीटर पाण्याचा एक सेंटीमीटर बर्फ होतो, म्हणजे दोन इंच बर्फ हा जेमतेम पाच मिलिमीटर पाण्याचा प्रश्न. वेगाने सरकणारी प्रणाली एका ठिकाणावर काही तासच असते आणि बाष्प गोळा करायला तिला उसंत मिळत नाही. तिचा मार्ग पन्नास किलोमीटर सरकला किंवा ती तीन तास आधी निघून गेली, तर दोन इंचांचे शून्य होते. शिवाय शिमल्यासारख्या ठिकाणी एका-दोन अंशांच्या फरकाने बर्फाऐवजी पाऊस पडतो. म्हणून जिथे बर्फ हमखास पडतो, तिथेही हलक्या हिमवर्षावाचा अंदाज किमान-कमाल मर्यादेत आणि शक्यतेच्या भाषेत दिला जातो. तालुकावार इंच सांगणाऱ्याने हा अंदाज कशावरून बांधला, हे आधी विचारावे.

छायाचित्र तर संदेशालाच खोटे पाडते. ते महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठचे दिसते. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन उष्णता गमावते आणि गवतावरचे दव गोठते. बर्फ पडायला मात्र ढग लागतात. गारांचे उदाहरण देणाऱ्यांसाठी एवढेच, की गारा गडगडाटी ढगात वाढतात आणि उकाड्यातही पडतात.

दडवण्याच्या आरोपात काही अर्थ नाही, कारण हिमालयातील हिमवर्षावाचे इशारे हेच खाते उघडपणे देते.

उरला मोहोर. थंडी हापूसच्या मोहोराला पोषकच असते. ती फार लांबली तर पुनर्मोहोर येऊन वाटाण्याएवढी फळे गळतात, ही खरी काळजी आहे. झंझावाताच्या प्रभावाने कधी कोकणावर ढग दाटतात, अवकाळी पाऊसही होतो, आणि दमट हवेत तुडतुडे (मोहोरावरची कीड) व भुरी (बुरशीजन्य रोग) वाढतात. नेमक्या त्याच दिवसांत बर्फाच्या भीतीने फवारणी थांबवली, तर मोहोर हातचा जाईल.