हनीवेलचं पेटंट आणि जुनी रडारं: तुमच्या हरकतींना उत्तर

नमस्कार. विमान डोंगरावर आदळण्याआधी वैमानिकाला सावध करणाऱ्या यंत्राच्या पेटंटवरून हनीवेलने युनिव्हर्सल एव्हिऑनिक्स या प्रतिस्पर्धी कंपनीवर अमेरिकेत खटला भरला. त्या खटल्याबद्दलच्या तुमच्या टिपणात हरकती दोन. पहिली, एफ-१११ या अमेरिकी लढाऊ विमानाचं रडार आणि क्षेपणास्त्रांमधलं टरकॉम आधीपासून होतं, मग १९९०च्या दशकात पेटंट कशाचं दिलं? दुसरी, अर्जाआधीच गिऱ्हाइकांशी बोलणी झाली होती, म्हणजे पेटंट बाद व्हायला हवं होतं.

पहिल्या हरकतीत तीन वेगळी यंत्रं एकाच गाठोड्यात बांधली गेलीत. एफ-१११चं रडार पुढचा डोंगर प्रत्यक्ष बघतं आणि विमान वर-खाली नेतं. टरकॉम खालच्या जमिनीचे चढउतार साठवलेल्या नकाशाशी जुळवून ‘मी कुठे आहे’ हे शोधतं. हनीवेलच्या यंत्राला जागा आधीच ठाऊक असते. ते नकाशाला ‘पुढे काय आहे’ एवढंच विचारतं आणि वैमानिकाला सावध करतं, विमान चालवत नाही.

हनीवेलच्या यंत्राआधीची जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा, जीपीडब्ल्यूएस, रेडिओ अल्टिमीटरवर, म्हणजे रेडिओ लहरींनी उंची मोजणाऱ्या उपकरणावर, चालायची आणि ते सरळ खाली बघतं. समोर उभा कडा आला की इशाऱ्याला उशीर ठरलेलाच. २० डिसेंबर १९९५ला कोलंबियातल्या काली शहराजवळ डोंगरावर आदळलेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या ७५७ला जेमतेम १२ सेकंद मिळाले, त्यातही स्पीडब्रेक (पंखांवरच्या वेग कमी करणाऱ्या झडपा) उघडेच राहिले.

आता पुढे बघायचं, पण किती? पेटंटमधलं गणित असं: ३० अंश कलून घेतलेल्या वळणाची त्रिज्या, तिची दुप्पट, वर १० सेकंदांत कापलं जाणारं अंतर. २५० नॉट वेगाला त्रिज्या सुमारे २.९ किमी, म्हणजे नजर साधारण ७ किमी पुढे. १५० नॉटला हेच अंतर ३ किमीच्या आत येतं. अंतर कायमचं ७ किमी ठेवलं तर धावपट्टीकडे येताना खोटे इशारे वाजत राहतील, आणि वैमानिकांचा यंत्रावरचा विश्वास एकदा उडाला की खरा इशाराही वाया. ‘नकाशा पाहून सावध करा’ ही कल्पना कुणाच्याच मालकीची नाही. पेटंट मिळतं ते पेटंटच्या दाव्यात, म्हणजे शोधाच्या लेखी व्याख्येत, लिहिलेल्या नेमक्या जोडणीला. त्या दाव्यातला एक जरी घटक प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रात नसला तरी शब्दशः उल्लंघन होत नाही. डेलावेअरच्या जिल्हा न्यायालयाने युनिव्हर्सलने उल्लंघन केलं नाही असंच ठरवलं, हे तुमच्या टिपणात आलेलं नाही.

दुसरी हरकत जास्त वजनाची आहे. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यानुसार अर्जाच्या वर्षभराहून आधी विक्रीचा देकार दिला असेल तर पेटंट जातं. पण अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८च्या फाफ निकालाने दोन अटी घातल्या: देकार व्यापारी हवा, आणि शोध पेटंटयोग्य अवस्थेला पोचलेला हवा. इथे बोलणी प्रयोगाचाच भाग होती, असं अपील न्यायालयाने २००७मध्ये मानलं. मला ते पटतं. इशारा ऐकून माणूस वेळेत विमान वर नेण्यासाठी दांडा ओढतो का, हे खऱ्या वैमानिकांना बसवल्याशिवाय कळत नाही, आणि विमानं तर गिऱ्हाइकांकडेच असतात.

खटल्याची वेळ साधलेली होती, हा तुमचा मुद्दा मात्र रास्त आहे. खटला २००२चा, आणि सहा किंवा जास्त प्रवासी आसनांच्या टर्बाइन विमानांना ही यंत्रणा मार्च २००५पर्यंत बसवणं एफएएने (अमेरिकी विमान वाहतूक नियामकाने) बंधनकारक केलेलं. बाजार तापलेला असतानाच खटला आला, यात योगायोग शोधण्यात अर्थ नाही.