‘एकच कागद तीनदा मागतात’ : एक तारा देणाऱ्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई. तुमचा अभिप्राय वाचला आणि आधी तुमची गृहकर्जाची फाइल पहिल्या पानापासून काढून बसलो, म्हणून उत्तराला दोन दिवस लागले. तुम्ही लिहिलंय की फॉर्म १६ (कंपनी देते तो पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) तीनदा मागितला, तुमच्या डब्याच्या व्यवसायाचे कागद गोळा करायला लावले आणि शेवटी ते धरलेच नाहीत, दागिने मोडून भरलेल्या पैशांचीही चौकशी झाली, सहा आठवडे गेले, बिल्डरने उशिराचं व्याज लावलं, आणि ‘एजंटला फक्त कमिशनशी मतलब’. तुमच्या घरचा पगार, खात्यातले आकडे मी इथे लिहिणार नाही. तुम्ही स्वतः जे मांडलंय तेवढ्यावरच बोलतो.

फॉर्म १६ ची चूक आमची. ‘मिस्टर नोकरी करतात’ एवढं ऐकून आमच्या दुकानातल्या मुलाने कागदांची नेहमीची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून दिली. ती यादी एकाच कंपनीत टिकून असलेल्या माणसाची. तुमच्या मिस्टरांनी वर्षाच्या मध्ये कंपनी बदलली होती, म्हणजे त्या वर्षाचे फॉर्म १६ दोन. बरं, पहिल्या वेळी आला तोही नुसता भाग ब, म्हणजे पगाराचा तपशील. कंपनीने कापलेला कर सरकारजमा झाल्याचा पुरावा भाग अ मध्ये असतो, आणि बँक तो मागतेच. असं करत तीन फेऱ्या झाल्या, आणि जुन्या कंपनीच्या एचआरकडे हेलपाटे घालावे लागले ते वेगळेच. ‘गेल्या दोन वर्षांत नोकरी बदलली का?’ हा एक प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता तर दोन फेऱ्या वाचल्या असत्या. आता हा प्रश्न विचारल्याशिवाय आमच्याकडून यादी जात नाही.

बँक स्टेटमेंट आणि पगाराची स्लिप पुन्हा मागितली, त्याचं कारण मात्र वेगळं आहे. बँक सहा महिने मोजते ते फाइल लॉगिन, म्हणजे बँकेत दाखल, होते त्या दिवसापासून मागे. आमच्या घोळात महिना उलटला, नवा पगार जमा झाला, की जुनं स्टेटमेंट शिळं. पासबुकचा झेरॉक्स परत केला, कारण बँका आता स्टेटमेंट सॉफ्टवेअरमधून वाचतात. नेटबँकिंगवरून उतरवलेली मूळ पीडीएफ आणि तिचा पासवर्ड लागतो. मोबाइलवर काढलेला फोटो तिथे चालत नाही.

आता डब्याचं. तुम्हाला सगळ्यात जास्त लागलेलं हेच आहे, असं मला वाटतं. सहा वर्षं पहाटे उठून डबे करायचे आणि कुणीतरी म्हणायचं, हे उत्पन्न दिसत नाही. पण घराच्या करारात तुमचं नाव आहे. मालकीत जे जे असतात त्यांना बँक सहकर्जदार करतेच, म्हणून तुमचे केवायसी आणि खात्याचे कागद लागणारच होते. उत्पन्न धरणं ही त्यापुढची गोष्ट. यूपीआयने रोज पैसे येताना दिसतात, पण बँकेच्या लेखी ती नुसती जमा. त्यातूनच भाजी, गॅस, मदतनीस बाईंचा पगार जातो, आणि भावाने पाठवलेले पैसेही त्यातच. नफा किती, हे सांगणारा कागद म्हणजे आयकर विवरणपत्र, तेही साधारण दोन-तीन वर्षांचं आणि वेळच्या वेळी भरलेलं. घाईने एका आठवड्यात पाठोपाठ भरलेली विवरणपत्रं बँकेच्या डोळ्यात खुपतात.

हे मला ठाऊक असूनही आमच्याकडून तुम्हाला सीएचं उत्पन्नाचं प्रमाणपत्र करून आणायला सांगितलं गेलं. सीएंनी यूडीआयएन (प्रमाणपत्राचा पडताळणी क्रमांक) टाकून रीतसर दिलं, त्यांचा काही दोष नाही. विवरणपत्राशिवाय ते बँक धरणार नाही, हे आम्ही आधीच सांगायला हवं होतं. त्याची फी मी देतो. पावती पाठवा.

विवरणपत्र मात्र यंदापासून भरायला लागा. तुमच्यासारख्या छोट्या व्यवसायाला जमाखर्चाच्या वह्या न ठेवता अंदाजित नफ्यावर भरता येतं : डिजिटल जमेच्या किमान ६ टक्के, रोखीच्या किमान ८ टक्के. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवा, पुढच्या कर्जाला तोच उपयोगी पडेल. डब्याचं खातं घरखर्चाच्या खात्यापासून वेगळं करा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका. आम्हालासुद्धा.

दागिन्यांबद्दल विचारलं, ते संशयाने नाही. ३० लाखांच्या वरच्या आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते. उरलेले तुमचे, वर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी वेगळी. ते तुमचे पैसे आले कुठून, हे बँक विचारते. सोनाराचं बिल जोडलं की विषय संपतो, आणि तुमचा संपलाही. पण विचारण्याची पद्धत असते. फोनवर ‘कॅश कुठून आली?’ असं विचारलं गेलं असेल तर त्याबद्दल मी माफी मागतो.

कमिशनचं म्हणाल तर हो, मिळतं. कर्ज वितरित झाल्यावर बँक देते, ग्राहकाकडून आम्ही घेत नाही. म्हणून आम्ही सुचवलेली बँक निमूट मान्य करू नका. दुसऱ्या शाखेत जाऊन व्याजदर आणि प्रोसेसिंग फी विचारून या, असं मी दुकानात समोर बसलेल्यालाही सांगतो. सहा आठवड्यांतले निदान तीन आमचे होते, हे मात्र कमिशनमुळे नाही, ढिलाईमुळे.

बिल्डरचं व्याजाचं पत्र घेऊन या. महाराष्ट्रात रेराच्या (बिल्डर आणि घरखरेदीदारांसाठीच्या कायद्याच्या) नियमांप्रमाणे हे व्याज स्टेट बँकेच्या सर्वात वरच्या एमसीएलआरपेक्षा (बँकेच्या कर्जाच्या आधारदरापेक्षा) २ टक्के जास्त, एवढंच. बिल्डरला उशीर झाला तर त्यानेही तुम्हाला याच दराने द्यायचं असतं. पत्रातला दर त्याहून चढा असेल तर लेखी हरकत कशी घ्यायची, ते मी स्वतः बसून लिहून देईन.

आणखी एक. वारंवार मागितल्यामुळे तुमच्या झेरॉक्सचे दोन जादा संच आमच्या कपाटात पडून आहेत, आधार-पॅनसकट. शनिवारी दुपारी दोनपर्यंत मी असतो. येऊन घेऊन जा, नाहीतर तुमच्यासमोर फाडतो.