बुधला राहिली तर राहिली

सकाळी मेसेज आला, "सर, पोस्टरवर बुधला माची होती. तुम्ही दाखवली नाहीत. निम्मे पैसे परत करा." तेव्हापासून डोकं फिरलंय.

रविवारचा तोरणा किल्ल्याचा ट्रेक, लीडर मी. बुधला माची म्हणजे त्याच गडाची लांबवर गेलेली सोंड. बस कर्वे पुतळ्यापाशी पाऊण तास खोळंबली, कारण दोघांचा गजर वाजला नाही. (त्यातले एक कोण, हे मेसेजवाल्या साहेबांनाच विचारा.) मग पायथ्याच्या वेल्ह्यात पोहे, पोह्यांचे फोटो. गडावर मेंगाईच्या देवळापाशी आलो तर अडीच वाजलेले आणि चार माणसं अजून बिनी दरवाजाच्या खाली. म्हटलं डबे उघडा, ती चौघं आली की उतरायला लागायचं. बुधला नाही, झुंजार माचीही नाही.

लोकांना वाटतं थंडीतला ट्रेक म्हणजे सोपा. अरे, दिवस केवढासा! सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, पण सूर्य सगळ्यात लवकर बुडतो तो नोव्हेंबर संपता संपता. सहाच्या आत. त्यात वाळकं गवत आणि खाली सुटा मुरूम.

तीन वर्षांपूर्वी ह्याच वाटेवर, ह्याच दिवसांत "चला, बुधला उरकून येऊ" असं कोणी म्हटलं होतं? मीच. बिनी दरवाजा उतरेपर्यंत अंधार. एक पोरगा, पहिलाच ट्रेक, सुती टीशर्ट घामाने चिंब, वर बोचरा वारा. "काही नाही दादा, जरा बसतो." मी चिक्कीचं पाकीट दिलं. त्याला ते फाडता येईना. बोटं नुसती प्लास्टिकवरून घसरतायत आणि हा हसतोय. माझ्या पोटात गोळा आला. ओला टीशर्ट काढून माझा स्वेटर घातला, चिक्की मोडून भरवली. वेल्ह्यात पोचायला साडेनऊ.

हो, पोस्टरवर बुधला छापली होती. चूक आमची. पैसे मोजलेत त्यांनी, तेही मान्य.

पण पुढे पळणाऱ्याला लीडर लागतोच कशाला? मी मागच्या चौघांसाठी असतो. त्यात एक काकू होत्या, दर वीस पावलांवर "माझ्यामुळे उशीर होतोय ना?" देवळात आल्या, बूट काढून आधी देवीला हात जोडले, मग पाणी. तोवर अर्धी बाटलीसुद्धा संपली नव्हती त्यांची. थंडीत तहान कळत नाही, आणि उतरताना पोटऱ्यांत गोळे येतात. त्यांना सोडून बुधला बघायला जायचं होतं मी?

तो चिक्कीवाला पोरगा रविवारी आमच्या शेपटाला होता. काकूंच्या मागे, त्यांच्याच चालीने, सॅकमध्ये जास्तीचे दोन स्वेटर. अडीचला मी घड्याळ बघितलं तेव्हा वॉकीवर विचारलं, "बुधला?" तो म्हणाला, "डबा उघडा दादा."

निम्मे पैसे दुपारी पाठवलेत. वाद नको.

पुढच्या रविवारी राजगड. बस ५ ला सुटेल. ५ म्हणजे ५. आणि पोस्टरवर संजीवनी माची लिहिलेली नाही, आधी नीट वाचा.