मग तीन बटणं दिलीत कशाला?

"पॅनल टू पॅनल मारा", म्हणजे तीनही मतं एकाच पॅनलला द्या, असं सांगायला जो जो दारात आला, त्याला हाच प्रश्न विचारायचा होता. विचारला नाही, कारण पप्पा शेजारी उभे होते आणि आलेल्यांपैकी निम्मे त्यांच्याबरोबर रेल्वे वर्कशॉपात नोकरी केलेले. म्हणून इथे लिहितेय. लांबलंय, आधीच सांगते.

२ डिसेंबर २०२५ला आमच्या मनमाड नगरपरिषदेसाठी मतदान झालं. आमच्या प्रभागात प्रत्येकाला तीन मतं. एक थेट नगराध्यक्षाला आणि दोन नगरसेवकांना, एक अ जागेला, एक ब जागेला. माझं आयुष्यातलं पहिलंच मतदान. विधानसभेच्या वेळी, २० नोव्हेंबर २०२४ला, अठरा पूर्ण व्हायला थोडक्यात राहिलं होतं. माझी मैत्रीण तर आणखी कमनशिबी. ती २०२५च्या ऑगस्टमध्ये अठराची झाली, पण मतदारयादी धरली १ जुलै २०२५ची. आता पुढच्या वेळी. पुढची वेळ कधी येईल ते कुणी सांगावं? मागची निवडणूक नोव्हेंबर २०१६ची, तेव्हा मी चौथीत होते. मुदत संपली, मग ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभागरचना, तारखांवर तारखा. राज्यभर प्रशासक. मे २०२५मध्ये सुप्रीम कोर्टानं निवडणुका घ्याच म्हटलं तेव्हा कुठे गाडी हलली. मधल्या काळात लोक माजी नगरसेवकांनाच फोन करत राहिले आणि तेही बिचारे "बघतो" म्हणत राहिले, हातात काही नसताना.

आता पाण्याचं. मनमाडबद्दल लिहायचं आणि पाण्याचं लिहायचं नाही, हे जमणारच नाही. बाहेरच्यांना मनमाड म्हणजे जंक्शन, गुरुद्वारा, फार तर गाडीतून दिसणारी हडबीची शेंडी. आम्हाला मनमाड म्हणजे ड्रम. उन्हाळ्यात पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी नळ येणार म्हटल्यावर घरात माणसांपेक्षा ड्रम जास्त. पाण्याच्या दिवशी मम्मी कुठे जात नाही, कुणाला बोलावत नाही. पावसाळ्यात वागदर्डी धरण भरलं तर ठीक, नाही तर पालखेडचं आवर्तन, म्हणजे धरणातून पाळीनं सोडलेलं पाणी, सुटायची वाट बघायची. ते कालव्यानं पाटोद्याच्या तलावात येणार, तिथून उपसून वागदर्डीत, तिथून शुद्ध होऊन टाकीत, टाकीतून आमच्या गल्लीत. या साखळीतली एक कडी अडली की सगळं गाव दोन-चार दिवस पुढे. म्हणून तर करंजवण धरणातून थेट पाइपलाइनची योजना आली, तीनशे कोटींच्या वरची.

आणि या निवडणुकीतला सगळा प्रचार कशावर? करंजवण कुणी आणली यावर. एका रिक्षात एकाचं नाव, मागून येणाऱ्या रिक्षात दुसऱ्याचं. मला श्रेयाचं खरंच काही पडलेलं नाही. मला हवं होतं वेळापत्रक. आमच्या भागात दिवसाआड पाणी कोणत्या महिन्यापासून, गावातल्या जुन्या लाइनी बदलायचं काय, पाणीपट्टी किती वाढणार. आलेल्या प्रत्येकाला एवढं विचारलं. एक जण म्हणाला, "ताई, आधी निवडून तर येऊ द्या." दुसऱ्यानं हातात जाहीरनामा ठेवला, त्यावर कारंजं होतं. मनमाडात कारंजं! आजी दोन दिवस हसत होती.

तर माझा मुद्दा. ही तीन मतं म्हणजे तीन वेगळे प्रश्न आहेत. आवर्तनासाठी जिल्ह्यात आणि मंत्रालयात कोण भांडेल, योजनेची बिलं आणि मुदती कोण बघेल, हा नगराध्यक्षाचा प्रश्न. तिथे अनुभव आणि वजन लागतं. आमच्या गल्लीला रात्री अडीचला पाणी का सोडतात, व्हॉल्व्ह कुणाच्या सांगण्यावरून फिरतो, गटार, दिवे, हा नगरसेवकाचा. तिथे फोन उचलणारा माणूस लागतो. या दोन्ही गोष्टी एकाच चिन्हात सापडतीलच असं नाही. आमच्याकडे सापडल्या नाहीत.

महिला राखीव जागेचं तर बोलूच नका. एका उमेदवार बाईंना मी पाण्याचं विचारलं, उत्तर त्यांच्या मिस्टरांनी दिलं. परत त्यांच्याकडेच बघून विचारलं, तरी मिस्टरच. दुसऱ्या एक जणी एकट्याच आल्या, कोणत्या गल्लीत लाइन कुठवर आहे ते बोटानं दाखवलं, आणि "पट्टी वाढेल, खोटं नाही बोलणार" म्हणाल्या. माझं तिथलं मत तिथेच ठरलं. चिन्ह नंतर बघितलं.

काका या सगळ्यावर चिडलेत. त्यांचं म्हणणं, नगराध्यक्ष एकाचा आणि बहुमत दुसऱ्याचं झालं की सर्वसाधारण सभेत ठराव अडकतात आणि पाच वर्षं भांडणात जातात. हे खोटं नाही. थेट नगराध्यक्षाची पद्धत २०१६ला आली, २०२०ला काढली, २०२२ला परत आणली, आणि प्रत्येक वेळी हाच वाद होता. अर्धं मान्य, काका. पण सभागृहात सगळेच एका बाजूचे बसले तर तीनशे कोटींच्या कामाचा हिशेब विचारायचा कुणी? भांडण परवडलं. आणि बहुमत हवंय ना, मग तीनही जागांना धड माणसं द्या. एका चांगल्या नावाच्या मागे दोन नातेवाईक लपवून वर पॅनलची शपथ घालायची, हे चालणार नाही.

"तू राहतेस नाशकात, तुला काय कळतं" हेही ऐकून झालं. अहो, म्हणूनच कळतं. हॉस्टेलवर नळ सोडला की पाणी येतं. पहिले काही महिने मी तिथेही बादल्या भरून ठेवायचे, रूममेट वेड्यात काढायची. मत द्यायला आदल्या रात्री पंचवटी एक्सप्रेसनं आले तेव्हा डब्यात माझ्यासारखी बरीच पोरं होती. घरी येऊन ड्रम भरणारी पोरंच आहेत ती, पाहुणे नाहीत.

मतदानात मजा आजीची. एक बटण दाबलं आणि निघाली. "आजी, अजून दोन!" परत गेली. तिन्ही झाल्याशिवाय तो लांब बीप वाजतच नाही. बाहेर येऊन म्हणाली, मागच्या वेळी चिठ्ठी दिसली होती, आता का नाही? या निवडणुकीत व्हीव्हीपॅट नव्हतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ब जागेला तिनं नोटा, म्हणजे 'यापैकी कुणीही नाही', दाबलं म्हणे, दोघांनाही लहानपणापासून ओळखते म्हणून. बरोबर केलं. २०१८च्या आदेशाप्रमाणे आपल्याकडे स्थानिक निवडणुकीत नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तर त्या जागेची निवडणूक परत घ्यावी लागते. हे सांगितल्यावर आजीचा भाव भलताच वाढला.

निकाल ३ तारखेला लागणार होता, तो मतदानाच्याच दिवशी हायकोर्टाच्या आदेशानं २१वर गेला. तोवर मशीन कुलपात होती आणि काका रोज नवं गणित मांडत होते. मनमाडकरांनो, तुमच्या प्रभागात किती जणांनी पॅनल फोडलं ते कमेंटमध्ये लिहा. काकांकडे फेसबुक आहे, त्यामुळे नातेवाइकांनी जरा जपून.